आकुंचनात ॲक्टिन आणि मायोसिनमधलं आडवं अंतर वाढतं की कमी होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्नायू आकसताना ॲक्टिनचे बारीक तंतू मायोसिनच्या जाड तंतूंवरून सरकतात, हे पाठ्यपुस्तकात आहे. पण या दोन तंतूंमधल्या आडव्या अंतराचं काय होतं? एका शोधनिबंधात ते वाढल्याचं वाचलंत, दुसऱ्यात कमी झाल्याचं. बेडकाच्या स्नायूच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोवर तुम्ही स्वतः मोजलंत, तर दोन जाड तंतूंमध्ये ३६ नॅनोमीटर आलं. यातलं खरं कोणतं?

दोन्ही निबंध खरे असू शकतात. उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: आकुंचनात सारकोमिअरची (स्नायूत पुन्हापुन्हा येणाऱ्या तंतूंच्या सर्वांत लहान खंडाची) लांबी बदलली का, पेशीचं आवरण शाबूत होतं का, आणि सुरुवातीचं अंतर किती होतं. या तीन गोष्टी न सांगता कुणी नुसतं ‘अंतर वाढतं’ किंवा ‘कमी होतं’ म्हणत असेल, तर ते विधान अर्धवट आहे. तुमच्या ३६ नॅनोमीटरचा हिशेब वेगळा आहे, तो शेवटी मांडतो.

आधी आपण नेमकं काय मोजतोय ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. स्नायूचा आडवा छेद घेतला, तर जाड तंतू षट्कोनी जाळीत बसलेले दिसतात. पृष्ठवंशीय प्राण्यांत तीन जाड तंतूंच्या त्रिकोणाच्या बरोबर मध्ये एक बारीक तंतू असतो, म्हणून एका जाड तंतूमागे दोन बारीक तंतू पडतात. (कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत बारीक तंतू दोन जाड तंतूंच्या मधोमध असतो आणि प्रमाण एकास तीन होतं. तिथली भूमिती वेगळी आहे, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इकडे आणू नका.) क्ष-किरण विवर्तनातून (जाळीवरून विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून) आपल्या हातात येतं ते डी-१०, म्हणजे जाड तंतूंच्या शेजारशेजारच्या दोन रांगांमधलं अंतर. बेडकाच्या मांडीतल्या सार्टोरियस स्नायूत, सारकोमिअर २.२ मायक्रोमीटर असताना, ते साधारण ३७ नॅनोमीटर असतं. दोन जाड तंतूंच्या केंद्रांमधलं अंतर हवं असेल तर याला २ ने गुणून ३ च्या वर्गमुळाने भागायचं. सुमारे ४३ येतं. जाड आणि बारीक तंतूच्या केंद्रांमधलं अंतर डी-१० च्या दोन तृतीयांश, म्हणजे २५ च्या जवळ. त्यातून जाड तंतूच्या कण्याची साडेसात आणि बारीक तंतूची साडेचार-पाच नॅनोमीटर त्रिज्या वजा केली, की मधली मोकळी फट उरते अवघी १२-१३ नॅनोमीटर. मायोसिनचं डोकं, म्हणजे ॲक्टिनला चिकटणारा भाग, एकटंच १६ ते १९ नॅनोमीटर लांब आहे. फट आणि डोकं एकाच मापाची असल्यामुळे इथे एका नॅनोमीटरच्या फरकालाही महत्त्व येतं.

आता मुख्य नियम. शाबूत फायबरमध्ये, म्हणजे आवरण असलेल्या स्नायूपेशीत, जाळीचं घनफळ जवळपास कायम राहतं. लांबी कमी झाली की रुंदी वाढते. संपूर्ण स्नायूपुरती ही गोष्ट फार जुनी आहे. हॉलंडच्या यान स्वामरडाम यांनी १६६० च्या दशकात बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला आणि नळीच्या बारीक टोकात पाण्याचा थेंब ठेवला. मज्जातंतूतून काही द्रव येऊन स्नायू फुगतो, ही तेव्हाची मान्य समजूत खरी असती, तर आकुंचनाबरोबर थेंब वर सरकला असता. तो सरकला नाही. नॅनोमीटरच्या पातळीवर हे दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. ह्यू हक्स्ली यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये बेडकाच्या जिवंत स्नायूवर क्ष-किरण सोडून षट्कोनी जाळी दाखवली. तेव्हा एकेका छायाचित्राला तासन्‌तास लागत. त्यांची आणि जीन हॅन्सन यांची सरकत्या तंतूंची मांडणी १९५४ मध्ये ‘नेचर’च्या ज्या अंकात आली, त्याच अंकात अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचाही त्याच निष्कर्षाचा निबंध होता. दोन्ही हक्स्लींचं एकमेकांशी नातं नव्हतं. संदर्भ देताना नावाचं आद्याक्षर जरूर लिहा, कारण या विषयात सगळ्यात जास्त अदलाबदल होते ती यांचीच.

घनफळ कायम म्हणजे सारकोमिअरची लांबी गुणिले डी-१० चा वर्ग कायम. आकडे घालून बघा. २.२ मायक्रोमीटरला ३७ नॅनोमीटर असेल, तर सारकोमिअर २.० पर्यंत आकसल्यावर डी-१० होईल ३८.८. उलट ३.० पर्यंत ताणला तर ३१.७. या ताणलेल्या अवस्थेत जाड-बारीक अंतर २१ वर येतं आणि मोकळी फट ९ च्या आसपास उरते. लांबी १० टक्के कमी झाली, की आडवं अंतर सुमारे साडेपाच टक्के वाढतं. थोडक्यात, स्नायू प्रत्यक्ष आखूड होत असेल तर आडवं अंतर वाढतं. तुमच्या पहिल्या निबंधातलं ‘वाढतं’ बहुतेक इथलंच आहे.

हे नुसतं भूमितीचं गणित म्हणून सोडून देऊ नका. १९६९ मध्ये ह्यू हक्स्ली यांनी झुकणाऱ्या क्रॉसब्रिजची (ॲक्टिनला चिकटून ओढणाऱ्या डोक्याची) कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हाच पेच होता. तंतूंमधलं अंतर लांबीनुसार इतकं बदलतं, तरी डोकं ॲक्टिनला त्याच कोनात, त्याच तऱ्हेने कसं काय चिकटतं? त्यांचं उत्तर असं की डोकं जाड तंतूच्या कण्याला थेट जोडलेलं नसून एस-२ नावाच्या लवचीक दांड्याने टांगलेलं आहे. दांडा कण्यापासून उचलला जातो आणि कमी-जास्त अंतर भरून काढतो. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात मायोसिनच्या मानेखाली जी बिजागरी दाखवतात, ती या आडव्या अंतराच्या मोजमापातून सुचली. सारकोमिअरची सपाट आकृती काढून शिकवलं की विद्यार्थ्याला ती बिजागरी का आहे हेच कळत नाही, आणि मला याची मनापासून हळहळ वाटते.

आता दुसरी परिस्थिती: लांबी बदललेली नाही आणि स्नायू ताण निर्माण करतो आहे. यालाच आपण आयसोमेट्रिक म्हणतो. इथे आधी एक सावधगिरी. संपूर्ण स्नायूची दोन्ही टोकं घट्ट धरली, तरी कंडरा थोडी ताणली जाते आणि आतले सारकोमिअर तेवढे आखूड होतात. म्हणजे बाहेरून ‘स्थिर लांबी’, आतून लहानसं आकुंचन, आणि त्याबरोबर आडव्या अंतरात लहानशी वाढ. निबंधात सारकोमिअरची लांबी स्वतंत्रपणे मोजलेली आहे की नाही, हे आधी शोधा. नसेल, तर त्यातल्या आडव्या अंतराच्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही.

सारकोमिअरची लांबी खरोखर धरून ठेवली की एक वेगळीच गोष्ट दिसते. क्रॉसब्रिज तंतूंना लांबीच्या दिशेने ओढतो, पण त्याचं बल पूर्णपणे त्या दिशेने नसतं. त्याचा एक घटक आडवा असतो. १९९० मध्ये चेक्की, बान्यी, ग्रिफिथ्स, ॲशली आणि माएदा यांनी बेडकाच्या एकेका शाबूत फायबरवर जाळीतल्या अंतराच्या बदलातून हे आडवं बल पकडलं. ते क्षुल्लक नाही, लांबीच्या दिशेच्या बलाच्या तोडीचं आहे. त्याची दिशा मात्र ठरलेली नाही. सशाच्या सोआस या कमरेजवळच्या स्नायूच्या आवरण काढलेल्या फायबरवर ब्रेनर आणि यू यांनी दाखवलं की क्रॉसब्रिजला स्वतःचं एक पसंतीचं अंतर असतं. सक्रिय अवस्थेत ते डी-१० च्या मापात ३४ नॅनोमीटरच्या आसपास आहे. जाळी त्याहून रुंद असेल तर क्रॉसब्रिज तिला आत ओढतात. आधीच त्याहून अरुंद असेल तर बाहेर ढकलतात. रिगरमध्ये, म्हणजे एटीपी हे पेशीचं इंधन संपून सगळी डोकी घट्ट चिकटल्यावर, हे पसंतीचं अंतर ३८ च्या जवळ जातं. एकाच फायबरमध्ये डोक्याची रासायनिक अवस्था बदलली की जाळीचं झुकतं माप बदलतं.

तुमच्या दुसऱ्या निबंधातलं ‘कमी होतं’ इथून येतं. पद्धतीच्या भागात ‘स्किन्ड फायबर’ असा शब्द आहे का बघा. असेल, तर पेशीचं आवरण काढून टाकलेलं आहे. आवरण गेलं की पेशीतल्या पाण्यावरचा बांध जातो, जाळी फुगते आणि शाबूत पेशीपेक्षा बरीच रुंद होते. कायम घनफळाचा नियमही तिथे नीट लागू पडत नाही. मात्सुबारा आणि एलियट यांनी १९७२ मध्ये बेडकाच्या स्किन्ड फायबरवर हे दाखवून दिलं. अशा फुगलेल्या जाळीला कॅल्शियम (आकुंचन सुरू करणारा इशारा) दिलं की क्रॉसब्रिज तिला आपल्या पसंतीच्या मापाकडे ओढतात, आणि अंतर स्पष्ट कमी झालेलं दिसतं. शाबूत फायबरमध्ये सुरुवातच अरुंद जाळीतून होते, शिवाय पाणी आवरणातून पटकन बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून तिथे बदल लहान असतो.

जाळीचं हे सुरुवातीचं माप कशाने ठरतं? तंतूंवर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर ठेवू पाहतात. त्या भारामुळे जाळीत जास्तीचे आयन आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. दुसऱ्या बाजूने पेशीचं आवरण, झेड-डिस्क (सारकोमिअरच्या टोकाची भिंत), मधली एम-लाइन (जाड तंतूंना जोडणारी) आणि ताणलं गेलेलं टायटिन (स्प्रिंगसारखं प्रथिन) जाळी आवळून धरतात. झेड-डिस्कजवळची एक बारीक गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आली आहे: तिथे बारीक तंतू चौकोनी जाळीत रोवलेले असतात आणि जाड तंतूंच्या प्रदेशात शिरेपर्यंत तेच तंतू षट्कोनी मांडणीत येतात. म्हणजे काही शे नॅनोमीटरच्या प्रवासात प्रत्येक तंतू थोडा थोडा बाजूला सरकलेला असतो. जाळी रुंदावली किंवा अरुंद झाली की या सरकण्याचा कोनही बदलतो.

मोजमापाबद्दल दोन शब्द, कारण ही संख्या किती नाजूक आहे ते कळल्याशिवाय तुम्ही निबंधातल्या आलेखांकडे योग्य नजरेने बघणार नाही. सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) साधारण ०.१ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण फायबरवर सोडतात आणि समजा तीन मीटर मागे डिटेक्टर असतो. ३७ नॅनोमीटरच्या जाळीचा पहिला ठिपका मुख्य किरणापासून सुमारे ८ मिलिमीटरवर पडतो. जाळी एक टक्का रुंदावली, तर तो ठिपका ०.०८ मिलिमीटरने आत सरकतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका चांगल्या डिटेक्टरच्या पिक्सेलची बाजू ०.१७२ मिलिमीटर आहे. म्हणजे आपण अर्ध्या पिक्सेलच्या हालचालीवर बोलत असतो. ठिपक्याची तीव्रता सहा-सात पिक्सेलांवर पसरलेली असते, त्यावर वक्र बसवून मध्य काढला जातो, म्हणून हे शक्य होतं. पण फायबर किरणात किंचित हलला किंवा किरणाने जळू लागला, की ठिपका पसरट होतो आणि तो मध्य भरवशाचा राहत नाही. एका टक्क्याच्या बदलावर मोठा निष्कर्ष उभारलेला असेल, तर ठिपक्यांची रुंदी दिली आहे का ते आवर्जून बघा.

त्याच चित्रातून आणखी एक माहिती मिळते, आणि अनेक जण तिची अंतराशी गल्लत करतात. पहिल्या आणि दुसऱ्या ठिपक्याच्या तीव्रतेचं प्रमाण आकुंचनात ठळक बदलतं: विश्रांतीत पहिला ठिपका प्रखर असतो, आकुंचनात तो फिका होतो आणि दुसरा उजळतो. हॅसलग्रोव्ह आणि ह्यू हक्स्ली यांनी १९७३ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला. याचा अर्थ तंतू एकमेकांजवळ आले असा नाही. डोक्यांचं वस्तुमान जाड तंतूच्या कण्यापासून निघून बारीक तंतूकडे गेलं, असा आहे. अंतर सांगते ठिपक्याची जागा. वस्तुमान कुठे आहे ते सांगते तीव्रता. ठिपके तेच असले तरी प्रश्न दोन आहेत.

या सगळ्याचा बलावर परिणाम होतो का? होतो, आणि माझ्या मते आपण शिकवतो त्याहून बराच जास्त. लांबी-ताण आलेख आपण फक्त तंतूंच्या आच्छादनाने (ते एकमेकांवर किती आले आहेत त्यावरून) समजावतो: गॉर्डन, अँड्र्यू हक्स्ली आणि ज्युलियन यांचा १९६६ चा आलेख, २.० ते २.२ मायक्रोमीटरला सपाट माथा, ३.६५ ला शून्य. पण स्नायू ज्या ताणण्याने आच्छादन घटतं त्याच ताणण्याने जाळीही अरुंद होते. दोन्ही परिणाम एकाच आलेखात मिसळलेले असतात. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्रिमितीय प्रतिमान आणि पतंगाच्या स्किन्ड उड्डाण-स्नायूवरचे प्रयोग यांच्या आधारे मांडलं की १.४ ते ३.४ मायक्रोमीटरमध्ये बलात जो फरक पडतो, त्यातला २० ते ५० टक्के भाग जाळीतल्या अंतराचा असू शकतो. कीटकांचे आकडे पृष्ठवंशीयांना सरसकट लावू नका असं मीच वर म्हटलं, ते इथेही लागू आहे. तरीही आच्छादनाचा आलेख हे पूर्ण स्पष्टीकरण नव्हे, एवढं यातून नक्की निघतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण झुरळाच्या पायाचं आहे. ‘ब्लॅबेरस’ जातीच्या झुरळाच्या पायातले दोन स्नायू प्रयोगशाळेतल्या जवळजवळ सगळ्या चाचण्यांत जुळे ठरतात: एकच मज्जातंतू, सारखं वस्तुमान, सारखा लांबी-ताण आलेख, सारखा बल-वेग आलेख. पण धावताना एक फक्त ब्रेक लावतो, आणि दुसरा ब्रेक लावण्याबरोबर ढकलण्याचं कामही करतो. का, ते कळत नव्हतं. टुने, मा, अर्व्हिंग आणि स्पॉनबर्ग यांनी २०२० मध्ये शाबूत स्नायूवर क्ष-किरण सोडून जाळी मोजली. विश्रांतीत एकाची जाळी दुसऱ्यापेक्षा १ नॅनोमीटर अरुंद निघाली. स्थिर लांबीवर उत्तेजित केलं की हा फरक नाहीसा होतो, म्हणूनच स्थिर चाचण्यांत दोघे सारखे दिसत होते. लयीत आकुंचन सुरू केलं की एकाची जाळी दुसऱ्यापेक्षा १ नॅनोमीटर जास्त हलते. यावरून कार्यकारण सिद्ध झालं असं संशोधकही म्हणत नाहीत. पण दोन स्नायूंच्या रचनेत, त्यांच्या वागणुकीच्या फरकाशी जुळणारी पहिली खूण सापडली, ती या अंतरात.

हृदयाच्या बाबतीत मात्र जरा हात राखून बोला. हृदयाचा स्नायू ताणला की त्याची कॅल्शियमला संवेदनशीलता वाढते, फ्रँक-स्टार्लिंग नियमामागे (हृदय जितकं जास्त भरतं तितकं जोरात आकसतं) हे आहे. ताणल्यावर जाळी अरुंद होते, डोकी ॲक्टिनच्या जवळ येतात, म्हणून संवेदनशीलता वाढते, हे स्पष्टीकरण अनेक वर्षं मांडलं गेलं आणि ते पटकन पटतंही. कोनहिलास, अर्व्हिंग आणि द टोम्ब यांनी २००२ मध्ये उंदराच्या हृदयाच्या स्किन्ड पट्ट्यांवर याची थेट परीक्षा घेतली. डेक्स्ट्रान हा मोठ्या रेणूंचा पदार्थ जाळीत शिरू शकत नाही, पण बाहेर राहून आतलं पाणी खेचतो, त्यामुळे लांबी न बदलता जाळी आवळता येते. ताणल्यावर जेवढी अरुंद होते तेवढी जाळी त्यांनी डेक्स्ट्रानने केली, तरी संवेदनशीलता वाढली नाही. आता लक्ष टायटिनच्या ताणाकडे आणि जाड तंतूवरची निजलेली डोकी जागी होण्याकडे वळलं आहे. परीक्षेत फ्रँक-स्टार्लिंगचं कारण म्हणून फक्त जाळीचं अंतर लिहू नका.

कायम घनफळाच्या नियमालाही अलीकडे बारकाईने तपासलं जातं आहे. तो पूर्ण पेशीला चांगला लागू पडतो, कारण आवरणातून पाणी जायला वेळ लागतो. पण पेशीच्या आत जाळीच्या बाहेरही जागा आहे, आणि पाणी जाळीतून तिकडे व परत येऊ शकतं. कॅस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पतंगाच्या स्नायूबाबत मांडलं की प्रत्येक आकुंचनात सारकोमिअरचं घनफळच थोडं कमी-जास्त होतं आणि द्रव आत-बाहेर वाहतो. सूरज शंकर आणि एल. महादेवन यांनी २०२४ मध्ये फायबरचा विचार पाण्याने भरलेल्या सक्रिय स्पंजसारखा केला आणि अतिवेगवान स्नायूंच्या वेगाला हे पाणीच मर्यादा घालू शकतं असं दाखवलं. म्हणून वर मी ‘जवळपास कायम’ असं लिहिलं.

राहता राहिले तुमचे ३६ नॅनोमीटर. हा आकडा निबंधातल्या ३७ च्या इतका जवळ आहे की मापन बरोबर आलं असं वाटणं साहजिक आहे. पण ३७ हे रांगांमधलं अंतर. तुम्ही मोजलंत ते केंद्रांमधलं, आणि ते ४३ यायला हवं होतं. म्हणजे तुमच्या नमुन्यात सुमारे १६ टक्के आक्रसणं झालं आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी स्थिरीकरण, अल्कोहोलने पाणी काढणं आणि रेझिनमध्ये बसवणं या टप्प्यांत जाळी आक्रसतेच. त्यामुळे या फोटोंवरून खऱ्या अंतराचा आकडा सांगू नका. एकाच वेळी, एकाच पद्धतीने तयार केलेल्या दोन नमुन्यांची तुलना फक्त करा.

ती करतानाही आधी छेद योग्य जागी आहे का ते बघा: प्रत्येक जाड तंतूभोवती सहा बारीक तंतू दिसले तरच तो आच्छादनाचा प्रदेश. फक्त जाड तंतू दिसत असतील तर तुम्ही एच-झोनमध्ये आहात. षट्कोनाच्या तिन्ही दिशांनी वेगवेगळं मोजा. एका दिशेचं माप इतर दोनांहून लक्षणीय वेगळं आलं, तर छेद तिरका गेला आहे आणि तो फोटो बाजूला ठेवलेला बरा. त्याच ब्लॉकमधून उभा छेदही काढा आणि ए-बँडची, म्हणजे जाड तंतूंच्या पट्ट्याची, लांबी मोजा. पृष्ठवंशीयांत ती १.६ मायक्रोमीटर असते, त्यामुळे लांबीच्या दिशेने नमुना किती आक्रसला ते त्यावरून कळेल. आडवं आक्रसणं मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच स्नायूचं क्ष-किरण मापन हाताशी हवं. आणि कोष्टकात प्रत्येक अंतराशेजारी सारकोमिअरची लांबी लिहा.